तीन चाके आणि मध्यरात्रीची घंटा : चेन्नई ते धनुष्कोडी

१/
रिक्षा हे गल्लीबोळांचे वाहन. स्टेशनापासून घरापर्यंत, फार तर गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एवढाच तिचा पल्ला मानला जातो. परंतु २००६ साली चेन्नईहून कन्याकुमारीकडे रिक्षांची एक शर्यत निघाली आणि देशोदेशीचे हौशी प्रवासी तीन चाकांवरून तमिळ किनारा पाहू लागले. हा धागा त्याच किनाऱ्याचा, आणि त्यावरील एका विसरलेल्या मराठी रस्त्याचा.

२/
आधी वाहनाविषयी थोडेसे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत, १९४८ साली, पियाजिओ कंपनीने ‘आपे’ ही तीनचाकी गाडी आणली. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. भारतात १९५९ साली बजाज ऑटोला दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पुण्याच्या कारखान्यातून रिक्षा देशभर गेली.

३/
लांबच्या प्रवासात रिक्षा ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास रमते. इंजिन तापते, पाठ अवघडते, थांबावे लागते. चेन्नई ते धनुष्कोडी हे तंजावरमार्गे सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर तिला अनेक मुक्कामांत तोडावे लागते. त्यामुळेच या प्रवासात एक जुना प्रश्न पुन्हा जिवंत होतो : पूर्वीचा वाटसरू थांबत कुठे होता, आणि त्याला जेवू कोण घालत होते?

४/
चेन्नईहून दक्षिणेस निघाल्यावर पहिले मोठे ठिकाण मामल्लपुरम. पल्लव राजांचे हे बंदर. समुद्रकाठचे मंदिर आठव्या शतकाच्या आरंभीचे. पुढे पुदुच्चेरी. येथे १६७४ साली फ्रेंचांनी वखार वसवली. तीनच वर्षांनी छत्रपती शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात जिंजी जिंकली, तेव्हा फ्रेंचांनी महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवले.

५/
पुदुच्चेरीपासून रिक्षाने तासाभरात कडलूर येते. राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० साली, इंग्रजांनी येथील किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. सौद्याची अट विलक्षण होती : किल्ल्यावरून डागलेल्या तोफेचा गोळा जिथवर पोहोचेल, तिथवरची जमीन इंग्रजांची. गोळे डागून हद्द ठरली. तीत आलेली गावे पुढे ‘गोळ्याची गावे’ म्हणूनच ओळखली गेली. किल्ल्याला इंग्रजांनी नाव दिले फोर्ट सेंट डेव्हिड.

६/
चिदंबरम ओलांडून तरंगंबाडी. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी १६२० साली करार करून डेन्मार्कच्या लोकांनी येथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. १७०६ साली आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी याच गावात तमिळ छपाई सुरू केली. १८४५ साली डेन्मार्कने हे ठाणे इंग्रजांना विकून टाकले. थोड्याच अंतरावरचे नागपट्टिनम पोर्तुगीजांकडून डचांकडे आणि डचांकडून इंग्रजांकडे गेले.

७/
फ्रेंच, इंग्रज, डेन, डच : किनाऱ्यावर दर काही तासांनी सत्ता बदलते. नागपट्टिनमहून पश्चिमेस, कावेरीच्या भातशेतीतून वळले की मात्र भेटतो तो मराठी इतिहास. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकाच्या मध्यास तंजावर घेतले. त्यांच्या वंशजांनी तेथे १८५५पर्यंत गादी सांभाळली.

८/
बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे. तो १८०३ साली कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांबरोबर हजारो मराठी हस्तलिखिते आहेत. या दोहोंमागे एकच नाव आहे : दुसरे सरफोजीराजे.

९/
सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तकपुत्र. १७८७ साली तुळजाराजे वारले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. बालवयातील सरफोजींच्या शिक्षणाची काळजी जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी वाहिली. १७९८ साली कंपनीच्या पाठिंब्याने सरफोजी गादीवर आले. पण त्या पाठिंब्याची किंमत पुढच्याच वर्षी चुकवावी लागली.

१०/
१७९९च्या तहाने तंजावरचे लष्कर आणि मुलखाचा महसूल कंपनीकडे गेला. राजांकडे उरली ती राजधानी, भोवतालचा थोडा प्रदेश आणि तनखा. नकाशावरील ही रेघ एका वेगळ्याच व्यवस्थेच्या मुळावर येणार होती. ती व्यवस्था म्हणजे छत्रे.

११/
काशीची गंगा रामेश्वरास वाहावी आणि सेतूची वाळू काशीस न्यावी, ही देशभरच्या यात्रेकरूंची परंपरा. त्यांतले असंख्य लोक तंजावर राज्यातून पायी जात. त्यांच्यासाठी मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अन्नछत्रे बांधली. तमिळमध्ये त्यांना ‘चत्रम’ म्हणतात. अनेक छत्रांना राजस्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबाळ यांच्या नावाचे आहे.

१२/
तंजावरहून दक्षिणेस ओरत्तनाडू सुमारे चोवीस किलोमीटर. रिक्षाला पाऊण तास पुरतो. ओझे घेतलेल्या यात्रेकरूची ती पूर्ण दिवसाची चाल. येथेच सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्ताम्बाळच्या स्मरणार्थ मोठे छत्र उभारले. दगडी जोत्यावर रथ ओढणारे हत्ती-घोडे कोरलेले आहेत. छत्राचे स्थान वाटसरूच्या पायांनी ठरत असे, हे या अंतरावरून उमगते.

१३/
छत्रांचा खर्च नेमून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले. तहानंतर ती गावे कंपनीच्या अमलात गेली. महसूल हवा असलेल्या व्यापारी कंपनीच्या वहीत फुकट जेवणाचा रकाना बसेना. तेव्हा १८०१ साली सरफोजींनी तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. तंजावरच्या इतिहासातील हा अत्यंत मोलाचा कागद होय.

१४/
पत्रात छत्राची दिनचर्या आहे. ब्राह्मणांपासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत, जोगी-जंगमांसह सर्व वाटसरूंना अन्न मिळे. शिजवलेला भात न खाणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. आजारी पडलेल्यास वैद्य, अनाथ मुलांस आश्रय व शिक्षण, गर्भवतीस देखभाल मिळे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई : कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे.

१५/
सैन्य गेले, महसूल गेला, त्यांसाठी हे पत्र नव्हते. या दानधर्मामुळे आपल्या राज्यास ‘धर्मराज्य’ म्हणतात आणि तोच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आहे, असे राजांनी त्यात मांडले. सार्वभौमत्व हरवलेल्या राजाने आपल्या राजेपणाची खूण म्हणून अनोळखी माणसाच्या जेवणाकडे बोट दाखवावे, ही साधी गोष्ट नव्हे.

१६/
छत्रांचे चित्र निव्वळ सोनेरी मात्र नाही. पंक्तिभेद तेथेही होताच. दार सर्वांना उघडे असले तरी पाने एकत्र मांडली जात नसत. सरफोजींच्या हयातीत छत्रे चालू राहिली. १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजी औरस पुत्राविना वारले आणि राज्य संपले. पुढे छत्रांचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला आणि आगगाडीने पायी यात्रेची गरजही कमी केली.

१७/
पुढे पट्टुकोट्टईजवळ समुद्रकाठी एक अनेकमजली इमारत दिसते. नेपोलियनवरील ब्रिटिशांच्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनी ती १८१४-१५च्या सुमारास बांधली. स्थानिक तमिळ लोक तिला आजही ‘मनोरा’ म्हणतात, मराठीतलाच शब्द. राजे कंपनीचा मान राखत होते, हे या मनोऱ्यावरून दिसते. त्यांना स्वतःचा मान कशात वाटत होता, याचे उत्तर मागे ओरत्तनाडूला सापडते.

१८/
येथून किनाऱ्याने पांबन. १९१४ साली रेल्वेपूल होईपर्यंत यात्रेकरू होडीने बेटावर जात. रस्त्याचा पूल तर १९८८ सालचा. रामेश्वरापलीकडे धनुष्कोडी, २२ डिसेंबर १९६४च्या रात्रीच्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेले गाव. चर्चच्या आणि रेल्वेस्थानकाच्या पडक्या भिंती वाळूत उभ्या आहेत. रिक्षाची वाट येथे संपते.

१९/
ज्यांना हा प्रवास करणे शक्य नाही, त्यांनी निदान तंजावर जिल्ह्याचा नकाशा उघडून ‘चत्रम’ या शब्दाने संपणारी ठिकाणे शोधावीत. प्रत्येक नावापाशी एखादी यमुनांबाळ, एखादी मुक्ताम्बाळ भेटण्याची शक्यता आहे. दोन नावांमधले अंतर मोजावे. बरेचदा ते एका माणसाच्या एका दिवसाच्या चालीइतके भरेल.