अर्धा तास बसा

2021च्या उन्हाळ्यात लस घेऊन आपण सगळे अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो, आठवतंय? बहुतेकांनी तो वेळ फोनमध्ये घालवला. मी मात्र सिस्टरच्या टेबलावरच्या ट्रेकडे बघत होतो. त्यात अ‍ॅड्रेनलिन होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कोळंबी खाल्ल्यावर माझ्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले आणि श्वासात शिट्टी वाजायला लागली. रूममेटने स्कूटरवरून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अ‍ॅव्हिल दिलं, स्टेरॉइड दिलं आणि कॉटवर झोपवलं. वाचलो. पुढे कधीतरी वाचनात आलं, की अशा वेळी पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, तेही मांडीच्या बाहेरच्या स्नायूत आणि ताबडतोब. अ‍ॅव्हिलने खाज थांबते, स्टेरॉइडला काही तास लागतात. आवळत चाललेला श्वास दोन्हींनी मोकळा होत नाही. मला भयंकर राग आला. त्या डॉक्टरांना हे माहीत कसं नव्हतं?

या प्रश्नाचा माग काढत मी बराच मागे गेलो. 1901मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पुढे पॅरिसमध्ये त्यांना दिसलं, की पहिला डोस पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने काही मिनिटांत मरतात. 1902मध्ये त्यांनी याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हटलं. गंमत म्हणजे शुद्ध अ‍ॅड्रेनलिन वेगळं करण्याचं जोकिची ताकामिने यांचं कामही त्याच सुमाराचं. आजार आणि उतारा जवळजवळ एकाच वेळी हाती आले. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द तर त्यानंतरचा, क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा, 1906चा.

मला खरं सापडलं ते ब्रिटनमध्ये. 1911मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लिओनार्ड नून आणि जॉन फ्रीमन यांनी परागज्वराच्या रुग्णांना गवताच्या परागांच्या अर्काची इंजेक्शनं दिली. हा उपचार हळूहळू फॅमिली डॉक्टरांपर्यंत पोचला आणि कित्येक वर्षं ते आपापल्या दवाखान्यात तो देत राहिले. मग 1986मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने जाहीर केलं, की 1957पासून अशा इंजेक्शनांनी 26 मृत्यू झाले आहेत. यापुढे पुनरुज्जीवनाची पूर्ण सोय असेल तिथेच ती द्यायची आणि रुग्णाला दोन तास बसवून ठेवायचं. कुठल्या फॅमिली डॉक्टरकडे दोन तास असतात? त्यांच्याकडची इंजेक्शनं जवळजवळ बंद पडली.

निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. 26 माणसं गेली होती. पण अ‍ॅलर्जीचे रुग्ण काही यायचे थांबले नाहीत. थांबला तो डॉक्टरांच्या हाताचा सराव. 2003मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने अहवाल काढला: विशेषज्ञ केंद्रं मोजकी, म्हणून भार फॅमिली डॉक्टरांवर, आणि त्यांना या विषयाचं शिक्षण जेमतेम. 2004मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सच्या आणि 2007मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने तेच दुखणं पुन्हा मांडलं. आमच्याकडे एकच तिकीट तीनदा रिओपन झालं, तर मॅनेजर निदान मीटिंग तरी बोलावतो.

आपल्याकडे अ‍ॅड्रेनलिन प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थी शिकतो, परीक्षेत लिहितोही. पण प्रत्यक्ष रुग्ण समोर येतो क्वचित, तो येतो तेव्हा हाताशी मिनिटं असतात, आणि ‘हृदयाला काही झालं तर?’ ही भीती सुई अडवते. पुस्तकातलं उत्तर तिथे आठवून उपयोग नाही, हाताला सवय हवी. लसीकरण करणाऱ्या एएनएम ताईंना हेच शिकवतात: किट जवळ ठेवा, वयानुसार डोस ठरलेला, एक इंजेक्शन स्नायूत द्या आणि मग रुग्णाला पुढे पाठवा. माझ्या समोरचा ट्रे त्यासाठीच होता.

गेल्या महिन्यात मी आमच्या हल्लीच्या फॅमिली डॉक्टरांना भीतभीतच विचारलं, “सर, अ‍ॅड्रेनलिन असतं का तुमच्याकडे?” त्यांना राग आला नाही. उठून कपाट उघडलं, मागच्या कप्प्यातून अँप्युल काढलं आणि चष्मा वर करून तारीख वाचली. मुदत संपून सात महिने झाले होते. त्यांनी माझ्यासमोरच खालच्या मेडिकलला फोन लावला.