कागदावरची ओवी

गेले बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गाणं. दर रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच-सहा जण जमतो आणि युरोपातलं चारशे वर्षांपूर्वीचं समूहगान कागदावर बघून गातो. आधी ऐकायचं नाही, पाठ करायचं नाही. कागद समोर आला की सूर लावायचा आणि सुटायचं. पहिल्या खेपेला हमखास आपटतो. आपटून झालं की चहा.

हे वेड लावलं आमच्या सरांनी. सर मूळचे गोव्यातले, सासष्टीचे, आता निवृत्त होऊन नाशिकला लेकीकडे असतात. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत ते सोल्फा शिकले. मी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेली, पेटीवर बोटं फिरणारी बाई. मला वाटलं, सारेगम येतं, मग अवघड ते काय! पहिल्याच रविवारी कळलं. आपल्याकडे तानपुरा असतो. षड्ज मागे झुळझुळत राहतो, चुकलो तरी घरी परतता येतं. इथं तानपुरा नाही. शेजारी तिघंजण आपापलं वेगळंच गात असतात आणि त्यांच्याच आधारानं उभं राहायचं.

आम्ही पहिल्यांदा धडपणे गायलो ते पॅलेस्त्रिनाचं 'सिकुट सेर्वुस'. पाण्यासाठी आसुसलेल्या हरणाचं स्तोत्र आहे. पॅलेस्त्रिना वारला १५९४ मध्ये, ही रचना छापली गेली १६०४ मध्ये. पुरुषांतला वरचा आवाज, म्हणजे टेनर, आधी सुरुवात करतो. तीच चाल थोड्या वेळानं दुसरा उचलतो, मग तिसरा, मग चौथा. त्या काळी गायकाच्या हातात फक्त स्वतःच्या आवाजाची वही असे. बाकीचे काय गातात ते दिसत नसे, मात्रांच्या उभ्या रेघाही नसत. कान उघडे ठेवायचे आणि मोजत राहायचं.

आता थोडा इतिहास. (भाचेमंडळी, जांभया नंतर द्या.)

कागद बघून गाण्याची ही युक्ती ग्विदो नावाच्या इटालियन साधूची. साधारण १०३० च्या आसपासची गोष्ट. दहा-दहा वर्षं घोकूनही पोरांना भजनं धड येत नाहीत म्हणून तो वैतागला होता. त्यानं एका स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेतली, उत, रे, मी, फा, सोल, ला, आणि ती स्वरांना चिकटवली. वर्षभरात, फार तर दोन वर्षांत गायक तयार करतो, असा त्याचा दावा होता. पुढं त्याच्या नावानं एक 'हात' प्रसिद्ध झाला. तळहाताच्या प्रत्येक पेरावर एक स्वर. गुरुजींनी बोट ठेवायचं, पोरांनी गायचं.

हे वाचलं आणि मी उडालेच. सामगायन करणारे अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत स्वर दाखवतात. नारदीय शिक्षेत त्याला गात्रवीणा म्हटलंय. दोघांनी एकमेकांकडून घेतलं असेल असं मी म्हणत नाही. पण स्वर हवेत विरतो, तो कुठंतरी ठेवावा लागतो, आणि सगळ्यात जवळची जागा म्हणजे आपला हात. हे दोन्हीकडच्या माणसांना सुचलं, एवढंच.

नाशिकचा याच्याशी आणखी एक धागा आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपल्याकडे स्वरलिपी रुजवली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. पण आपली लिपी सांगाड्यापुरती. मांस-रक्त गुरूच्या तोंडून यायचं.

तर मूळ मुद्द्याकडे येते. मागच्या दिवाळीत आत्या आली होती. वय ऐंशीच्या पुढं, जीभ विशीतली. मी कौतुकानं माझे कागद दाखवले. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे हो. ज्यांच्यापायी आपल्या माणसांनी देव उचलून रातोरात नदी ओलांडली, त्यांचीच गाणी गातेस!"

मला उत्तर सुचलं नाही.

आमचं कुलदैवत मंगेश. मूळ देऊळ कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला. १५६० मध्ये लिंग तिथून हलवलं आणि पलीकडे पोर्तुगीज अंमलाबाहेर प्रियोळला नेलं. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन बसलं, ते १८१२ पर्यंत. आणि त्याच दशकांत जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात मुलं चार आवाजांत गायला शिकत होती. म्हणजे मी ज्या हरणाच्या प्रेमात पडले, ते पॅलेस्त्रिनाचं गाणं आणि आमच्या घराण्याची पळापळ एकाच काळातली. गायन तिथं चांगलंच बहरलं. १६६३ मध्ये सेबास्तियानी नावाच्या कार्मेलाइट पाद्र्यानं बॉम जेझूमध्ये सात वृंदांचं गायन ऐकलं, तर त्याला आपण रोममध्येच असल्यासारखं वाटलं.

आत्या बरोबर होती. उलट तिला ठाऊक होतं त्याहून जास्त बरोबर होती. १७३६ मध्ये इन्क्विझिशननं फर्मान काढून बाटलेल्यांच्या लग्नातल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. त्या यादीत ओव्याही होत्या. ज्या सत्तेनं पोरांना कागदावरून गायला शिकवलं, तिनंच त्यांच्या आयांना तोंडानं गायला मनाई केली.

पण गंमत बघा. त्याआधी १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या, मराठीत! हा स्टीफन्स इंग्रज. त्याच्या देशात कॅथलिकांना जगणं कठीण झालेलं. तो १५७९ मध्ये गोव्याला आला. त्याच्याच पिढीतला संगीतकार विल्यम बर्ड इंग्लंडमध्येच राहिला आणि लपूनछपून होणाऱ्या प्रार्थनांसाठी लिहीत राहिला. त्याच्या तीन मास १५९० च्या दशकात मुखपृष्ठाशिवाय छापल्या गेल्या. आम्ही त्यांतली तीन आवाजांची गातो. म्हणजे एकीकडे ज्यांना धर्मासाठी लपून गावं लागलं, त्यांच्याच धर्मानं दुसरीकडे इतरांना गप्प केलं. यातून बोध काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सरांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमचे गेले, आमचे राहिले. एवढाच फरक." मग म्हणाले, की त्यांच्या आजीच्या काळापर्यंत लग्नात रोसाच्या वेळी, म्हणजे नारळाचा रस लावताना, बायका ओव्या म्हणायच्याच. बंदीचं फर्मान गेलं, इन्क्विझिशन गेलं, ओव्या राहिल्या. आणि चर्चच्या शाळेतला सोल्फाही वाया गेला नाही. पुढं मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी गाण्यांच्या चाली कागदावर उतरवायला हीच मुलं होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य.

गेल्या महिन्यात आत्या पुन्हा आली. मी धाडस करून तिला रविवारी घेऊन गेले. कोपऱ्यात बसून तिनं हरीण ऐकलं. काही बोलली नाही. चहाच्या वेळी सरांनी तिला विचारलं, "तुम्हाला जात्यावरच्या येतात का हो?" आधी नको नको म्हणाली, मग खालच्या आवाजात दोन म्हटल्या. आम्ही सगळे गप्प. सरांनी पाच रेघा ओढल्या, भराभर स्वर टिपले आणि कागदावर बघून जशीच्या तशी ओवी परत म्हणून दाखवली. मला तर भरून आलं. ग्विदोसुद्धा खूश झाला असता!

आत्यानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "सूर बरोबर आहेत हो तुमचे. पण यात जातं कुठाय?"

सर मनापासून हसले. कागद मात्र त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला. परवा म्हणत होते, खालचा आवाज जात्यासारखा एकसारखा फिरता ठेवला तर?

असो. तिच्या दिवाळीतल्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पुढच्या रविवारी ती ओवी आम्ही चार आवाजांत करून बघणार आहोत. आत्यानं सांगितलंय, चुकलात तर मी थांबवीन.