बोंबलाचं कूळ

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीला समुद्राशी काही देणंघेणं असायचं कारण नाही. मुंबईचा किनारा इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर. तरी मराठवाड्याच्या आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील दिसतातच, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर बोंबलाचं झणझणीत कालवण इथल्या कित्येक घरांत चवीनं खाल्लं जातं. हा बोंबील आला कुठून? सातपाटी, वसई, वेसावे इथल्या वलांडीवरून, म्हणजे बांबूच्या मांडवांवर कडक उन्हात वाळून. उत्तर बरोबर आहे, पण ते कुळाच्या शेवटच्या पिढीपुरतं. 20,000 वर्षांपूर्वी सातपाटीसमोर बोंबील नव्हता, कारण तिथे समुद्रच नव्हता.

शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर किलोमीटरभराहून जाड बर्फाचे थर साचले होते. ते पाणी आलं समुद्रातूनच. जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेली. आपल्याकडे बर्फ नव्हता, म्हणून हिमयुग ही परक्यांची गोष्ट असं आपल्याला वाटतं. पण किनारा मात्र आपलाही हलला. मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतची उथळ समुद्रबूड जमीन, सुमारे 300 किलोमीटर रुंद आणि अगदी सपाट आहे. ती जवळजवळ सगळी उघडी पडली. त्या काळी पिंगळीपासून समुद्र सातशे किलोमीटरवर होता. आज कोळी बांधव ज्या उथळ पाण्यात भरती-ओहोटीच्या ओढीवर डोलीचं जाळं लावतात, ती जागा तेव्हा कोरडं माळरान होती.

मग बर्फ वितळू लागला. साधारण 19,000 वर्षांपूर्वीपासून 7,000 वर्षांपूर्वीपर्यंत पाणी चढत राहिलं. उंचीचा हिशेब केला तर शतकाला सरासरी मीटरभर, म्हणजे फार नाही. पण 300 किलोमीटरच्या सपाटीवर तेच पाणी आडवं पसरलं, आणि किनारा वर्षाला सरासरी 25 मीटर आत सरकला. मधूनच ते उसळीही घेई. सुमारे 14,500 वर्षांपूर्वी काही शतकांतच समुद्र पंधरा-वीस मीटर चढला. मुंबईच्या पश्चिमेला भूखंडमंचाच्या बाहेरच्या भागावर उथळ पाण्यातच तयार होणारे चुनखडीचे थर आज साठ-सत्तर मीटर आणि त्याहून खोल बुडालेले सापडतात. ही त्या जुन्या किनाऱ्यांची खूण.

पाण्यामागोमाग मासे आले. बोंबलाला गढूळ, उथळ, खाड्यांच्या तोंडचं पाणी लागतं. त्याचा पसाराही विचित्र आहे: गुजरातपासून रत्नागिरीपर्यंत मुबलक, केरळच्या बाजूला जवळजवळ नाही, आणि पुढे आंध्र, ओडिशा, बंगालच्या किनाऱ्यावर पुन्हा हजर. मुंबईशी त्याचं नाव इतकं जोडलेलं, पण 1822 साली हॅमिल्टननं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते गंगेच्या मुखाकडच्या माशांच्या ग्रंथात. आपल्या बाजूचं त्याचं आजचं घर जवळपास पूर्णच बुडीत जमिनीवर उभं आहे. तेव्हा त्याचे पूर्वज एक तर कडेच्या अरुंद पट्टीत तगले असतील, नाही तर दुसरीकडून आले असतील. दोन्हीपैकी काहीही असो, आजचा बोंबील इथला मूळ रहिवासी म्हणता येत नाही.

अशी स्थलांतरं माशांच्या पेशीत नोंदलेली राहतात. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये थोडा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून पिलाला मिळतो. पिढ्या जातात तसे त्यात अधूनमधून बारीक बदल होतात. गावोगावच्या घराण्यांच्या पिढ्या नोंदवणाऱ्या हेळव्याच्या चोपडीसारखीच ही नोंद. दोन माशांतले फरक मोजले की त्यांची सामाईक आजी साधारण किती जुनी, ते काढता येतं. मोजणीतून वारंवार एक आकृती समोर येते: मधोमध एक जुना, सर्वाधिक आढळणारा वंश आणि त्याच्याभोवती एक-दोन बदलांनी फुटलेले असंख्य कोवळे वंश. अर्थ असा की थोडे उरले होते, ते झपाट्यानं पसरले.

1998 साली ग्रँट आणि बोवेन या दोन संशोधकांनी जगभरातल्या तारली आणि मांदेलीच्या जातकुळीतल्या माशांबद्दल नेमकं हेच मांडलं. या माशांची घराणी कोट्यवधी वर्षांची, पण आज पोहणाऱ्या थव्यांची वंशावळ त्या मानानं फारच उथळ. समुद्रात अब्जावधी मासे, आणि पूर्वज मोजके! हिमयुगं आली-गेली, थंडी, अन्न आणि प्रवाह बदलले, थवे कोसळले आणि पुन्हा उभे राहिले. मला या सगळ्या विषयातली सर्वांत धक्कादायक गोष्ट हीच वाटते.

पण उथळ वंशावळ म्हणजे बदलच नाहीत, असं मात्र नव्हे. बाल्टिक समुद्र बर्फ हटल्यावर घडला आणि त्याला आजचं मचूळ रूप येऊन जेमतेम आठ हजार वर्षं झाली. अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यातली हेरिंग, आपल्या तारलीची चुलत बहीण, तिथे शिरली आणि कमी मिठात अंडी घालू लागली. तिथलं पाणी तांबूस, म्हणून नजरही बदलावी लागली. 2019 साली स्वीडिश शास्त्रज्ञांच्या गटानं दाखवलं की डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनात एका जागी एकच अमिनो आम्ल बदललं आहे, आणि त्यामुळे हा मासा तांबड्या उजेडात बरं पाहतो. मुंबईसमोरचा समुद्र आजच्या जागी स्थिरावला तोही साधारण याच काळात. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं 2023 मध्ये तारलीचा संपूर्ण जनुकसंच उलगडला. तेव्हा आपल्या पाण्यातल्या अशा खुणा शोधायची सोय आता झाली आहे. बोंबलाचंही असं काम व्हायला हवं, कारण बोंबील खाणारे आपण आहोत आणि डोली लावणारेही आपलेच.

एक फरक लक्षात ठेवावा. थवा कोसळला तर संख्या काही वर्षांत भरून येऊ शकते; गमावलेलं जनुकीय वैविध्य भरून यायला हजारो पिढ्या लागतात. बाल्टिकच्या हेरिंगसारखं नव्या पाण्याशी जुळवून घेणं सोपं होतं ते अशा वैविध्यामुळे. म्हणून जाळ्यात आलेला बोंबील कोवळा आहे की अंडी घालून झालेला, याला मोल आहे. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ती याच कारणानं योग्य आहे. पण किनाऱ्यावरचा नियम पिंगळीच्या ग्राहकानं पाळला तरच टिकेल. बोटभर बोंबील स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.