निर्मिकाचा कर्ता

तर्कशास्त्राच्या तासाला दरवर्षीं कोणी तरी विद्यार्थी आम्हांस विचारतो, “जगाला कर्ता हवा, तर ईश्वराला कर्ता कोण?” अशा वेळीं आम्हांस पुण्याजवळची मांजरी आठवते. तेथें जोतीराव फुले यांची सुमारें ६० एकर शेती होती, आणि या शेतकऱ्यानें ईश्वराला नांव दिलें तेंच मुळीं ‘निर्मिक’, म्हणजे निर्माण करणारा!

जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच सालीं जॉन स्टुअर्ट मिल्लचें आत्मचरित्र निघालें. विद्यार्थ्याचा वरील प्रश्न बापानें आपणांस लहानपणींच शिकविला, असें त्यांत त्यानें लिहिलें आहे. मिल्ल-स्पेन्सरांचे वाचक आगरकर पुढें याच पुण्यांत उघड अज्ञेयवादी झाले. आमच्या नैयायिकांस ही शंका कांहीं नवी नव्हती. कार्याला कारण लागतें, ईश्वर अनादि म्हणून तो कार्यच नव्हे, हें त्यांचें उत्तर. मग जगच अनादि कां नसावें, असें मीमांसक म्हणत. आणि निव्वळ तर्कानें पाहतां आम्हांस त्यांचेंच पारडें जड वाटतें.

जोतीराव या वादाच्या खोलांत शिरत नाहींत. ही उणीव म्हणावी काय? १८८८ सालीं अर्धांगानें उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनीं डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं छापलें गेलें. त्यांतला निर्मिक जगाची उपपत्ति लावण्याकरितां आलेला नाहीं. सर्व स्त्रीपुरुष एकाच्याच हातचीं, तर जन्मानें उच्चनीच कोण, आणि त्याच्यापाशीं जावयास मध्यें भटजी कशाला, हा जोतीरावांचा प्रश्न होता. समाज निघाल्यास तीन महिने होतात न होतात तोंच, २५ डिसेंबर १८७३ रोजीं, भटजीवांचून पहिलें लग्न लागलें.