नकाशाची फी आणि काळी माती

बोरी अरब गावात घर बांधायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा : मिस्त्री चांगला धरा, नकाशा कुणाकडूनही काढून घ्या, कागदाला लाख रुपये कशाला मोजायचे?

या म्हणण्यात तथ्य आहे. एकच नकाशा नावे बदलून दहा जणांना दिला जात असेल, तर त्याचे हजार रुपयेही जास्तच. फी खर्चाच्या टक्केवारीवर ठरली, तर घरमालकाचा खर्च वाचवणाऱ्याचेच उत्पन्न घटते, हा आक्षेपही रास्त आहे. कायद्याची ढालही इथे चालत नाही. वास्तुविशारद कायदा, 1972 फक्त ‘आर्किटेक्ट’ या पदवीला संरक्षण देतो. आराखडा करण्याचे काम आर्किटेक्टांपुरते राखून ठेवत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. म्हणजे फीचे समर्थन कामावरूनच व्हायला हवे.

ते होते, आणि सगळ्यात आधी जमिनीखाली होते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिवाळीला बुजवा. मे महिन्यात ती पुन्हा तिथेच उघडते. दोष गिलाव्याचा नाही, पायाचा आहे. मुरूम किती खोल लागतो हे चाचणी खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. शेजाऱ्याचा पाया पाच फूट होता म्हणून आपलाही पाच फूट, हा हिशेब दोन प्लॉटांतही चुकू शकतो. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत भरण्याची पद्धत आहे; रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती आपल्याकडे रुजवली. ती लागेल की नाही, हे ठरवण्याचेच पैसे द्यायचे असतात.

लोखंडाचेही तसेच. 12 मिमीच्या सळईचे वजन मीटरला 0.89 किलो, 16 मिमीचे 1.58. ‘मजबुतीसाठी’ सगळीकडे जाड सळई टाकली की जवळपास पावणेदोन पट लोखंड विकत घेतले जाते, आणि इतके करूनही बाहेर आलेल्या गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला हवी ती मजुरांच्या पायाखाली दबून तळाशी जाते. तिथे जाडी कामाला येत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी कुणीतरी जाणत्याने सेंटरिंगवर चढून ते पाहावे लागते.

वीस लाखांच्या घरात लाखभर फी म्हणजे पाच टक्के. ती महाग की स्वस्त, हे चौरस फुटाच्या दरावरून सांगणाऱ्यांशी माझे भांडण आहे. दोन इंजिनिअरांचे दर शेजारी ठेवण्याआधी त्यांना विचारा : मातीची तपासणी धरली आहे का? सळयांचे तपशीलवार वेळापत्रक देणार का? पाया, जोते आणि स्लॅबच्या वेळी स्वतः येणार का? मग रक्कम ठोक ठरवा, टप्प्यांनी द्या, आणि मोठा हप्ता स्लॅबच्या तपासणीनंतरचा ठेवा.