गाजर गवत : एका आगंतुक वनस्पतीचा इतिहास आणि लोकसाक्षीचे प्रामाण्य

परकीय वनस्पती एखाद्या प्रदेशात केव्हा आली, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर अखेर साक्षीपुराव्यावर अवलंबून असते. वनस्पती प्रथम कोणी पाहिली, केव्हा पाहिली, पाहिल्याची नोंद कोठे केली आणि त्या नोंदीची दखल कोणी घेतली, या चार गोष्टींचा उलगडा झाल्यावाचून आगमनाचा काळ निश्चित होत नाही, आणि प्रतिकाराला विलंब का झाला हेही कळत नाही. महाराष्ट्रात गाजर गवत या नावाने परिचित असलेल्या ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ या वनस्पतीचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. या इतिहासाचा प्रारंभ बहुतांशी पुणे शहरात होतो, आणि त्यात विद्वानांची साक्ष व सामान्य जनांची साक्ष दीर्घकाळ एकमेकींस न भेटता समांतर चाललेल्या दिसतात.

१. विद्वानांची साक्ष

ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश हे तिचे माहेर मानले जाते. तिचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. भारतातील तिच्या आधुनिक प्रसाराची पहिली अधिकृत वार्ता १९५६ मध्ये रा. स. राव यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात दिली. पुण्यात उकिरड्यांच्या जागी तुरळक उगवलेली ही झाडे भारतास नवीन आहेत, असा त्या नोंदीचा आशय होता. त्यापूर्वी, १९५१ मध्येच, प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस ही वनस्पती पुण्यात पडली होती, असेही वनस्पतिशास्त्रीय वाङ्मयात नमूद केले जाते.

पुढे संशोधकांनी जुने संग्रह धुंडाळले, तेव्हा ‘भारतास नवीन’ हे विधान तपासून घ्यावे लागले. देहराडून येथील वनसंशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात १८८० मधील नमुना असल्याचे १९७८ मध्ये निदर्शनास आणले गेले. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेल्या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या यादीतही हे नाव आढळते. म्हणजे वनस्पती म्हणून तिचा या भूमीशी परिचय जुना, परंतु आक्रमक तण म्हणून तिचे चरित्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. उद्यानात एखादे झाड असणे आणि त्या झाडाने माळराने व्यापणे, या दोन निराळ्या घटना आहेत, हा भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे.

२. लोकांची साक्ष

सामान्य जनांनी या वनस्पतीची नोंद नियतकालिकात केली नाही. त्यांनी तिला नावे दिली. पानांच्या ठेवणीवरून ‘गाजर गवत’, बारीक पांढऱ्या फुलांवरून ‘पांढरी फुली’ व ‘चटकचांदणी’ ही नावे रूढ झाली. सर्वाधिक प्रचलित झाले ते ‘काँग्रेस गवत’. या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकवाक्यता नाही. पांढऱ्या टोपीशी फुलांचे साम्य, हे एक स्पष्टीकरण. काँग्रेस पक्षाच्या राजवटीत आयात झालेल्या अमेरिकन गव्हाबरोबर हे गवत आले, हे दुसरे. दुसऱ्या स्पष्टीकरणाने लोकस्मृतीत इतिहासाचेच रूप धारण केले आहे. ‘पी. एल. ४८०’ खाली आलेल्या मिलोबरोबर आणि गव्हाबरोबर हे बी आले, असे आजही खेडोपाडी निःशंकपणे सांगितले जाते.

या स्मृतीची कालक्रमाच्या आधारे छाननी केली असता ती जशीच्या तशी टिकत नाही. ‘पी. एल. ४८०’ हा अमेरिकन कायदा जुलै १९५४ मधील. त्याअन्वये भारताशी पहिला करार झाला तो २९ ऑगस्ट १९५६ रोजी. राव यांची नोंद त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि परांजपे यांचे निरीक्षण तर पाच वर्षे आधीचे. कार्य कारणाच्या आधी घडू शकत नाही. तथापि एवढ्यावरून लोकस्मृती सर्वस्वी त्याज्य ठरविणे हेही घाईचे होईल. १९५१ मध्ये अमेरिकेने भारतास धान्यखरेदीसाठी १९ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले होते, आणि परदेशी धान्याची आयात ‘पी. एल. ४८०’ च्या पूर्वीही चालू होती. धान्यातील भेसळ बियांच्या द्वारा हे तण येणे असंभवनीय नाही. क्वीन्सलँडमध्ये १९६० च्या सुमारास टेक्सासहून आलेल्या कुरणाच्या बियाण्यातून ते शिरल्याचे मानले जाते. सारांश, लोकस्मृतीने करार चुकीचा सांगितला असला, तरी मार्ग चुकीचा सांगितला असे सिद्ध होत नाही. मार्ग सिद्ध झाला आहे असेही मात्र म्हणता येत नाही. लोकसाक्षीचे मूल्यमापन करताना तिचे असे पृथक्करण करणे आवश्यक असते; ती संपूर्ण स्वीकारणे किंवा संपूर्ण नाकारणे, दोन्ही इतिहासपद्धतीला सोडून आहे.

३. शरीर हीच नोंदवही

लोकांची आणखी एक साक्ष होती. ती शब्दांत नव्हती, कातडीवर होती. शेतात व रस्त्याकडेला काम करणाऱ्या मजुरांना चेहरा, मान व हात यांवर खाज आणि पुरळ यांचा त्रास होऊ लागला. उन्हातान्हात राबणाऱ्याच्या अंगावरील पुरळ सहसा उष्म्याच्या किंवा घामाच्या नावे जमा होते. तेव्हा या तक्रारीमागील वनस्पती ओळखली जाण्यास काळ लागला, यात नवल नाही. या वनस्पतीतील ‘पार्थेनिन’ हे द्रव्य अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये वेगळे केले होते. पुण्याच्या रोग्यांवरील निरीक्षणांस आंतरराष्ट्रीय वैद्यकीय वाङ्मयात स्थान मिळाले ते लोणकर, मिचेल व कॅल्नन यांच्या १९७४ मधील निबंधाने.

१९५६ ते १९७४ हा १८ वर्षांचा काळ या इतिहासातील मर्मस्थान होय. या काळात वनस्पतिशास्त्रज्ञास झाड ठाऊक होते. रसायनशास्त्रज्ञास द्रव्य ठाऊक होते. मजुरास पीडा ठाऊक होती. आणि गुराख्यास हे ठाऊक होते की जनावरे हा पाला खात नाहीत, खाल्ला तर दूध कडवट लागते. ज्ञानाचा अभाव नव्हता. ज्ञानांची गाठ पडत नव्हती. तुरळक झाडे असताना उपटणे सोपे असते. एकेक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देते, त्या बिया हलक्या असतात, पाण्याने, वाऱ्याने व वाहनांच्या चाकांबरोबर दूर जातात आणि जमिनीत वर्षानुवर्षे सजीव राहतात. अशा वनस्पतीच्या बाबतीत १८ वर्षांचा विलंब म्हणजे एका शहरातील उकिरड्यापासून देशव्यापी तणापर्यंतचे अंतर.

४. कायदा आणि त्याची मर्यादा

शासनाचे पाऊल प्रथम कर्नाटकात पडले. १९६८ च्या कृषिकीड व रोगविषयक कायद्याखाली १९७५ मध्ये तेथे गाजर गवत उपद्रवी तण म्हणून घोषित झाले. या प्रकारच्या कायद्यांची परंपरा जुनी आहे. जलपर्णीच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये १९३६ चा कायदा झाला होता. जमिनीच्या ताबेदाराने आपल्या हद्दीतील तण नष्ट करावे, हे या कायद्यांचे सूत्र.

या सूत्राची अडचण गाजर गवताच्या स्वभावातच आहे. ते मुख्यतः वाढते रस्त्यांच्या कडेला, लोहमार्गालगत, पडीक भूखंडांत, गायरानात आणि नाल्याकाठी. म्हणजे जेथे ताबेदार कोण, हे सांगणे कठीण, अशा जागी. शेतकऱ्याने स्वतःचे शेत निर्मळ केले, तरी बांधापलीकडच्या सार्वजनिक जागेतून बी पुन्हा येते. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, या न्यायाने कायदा निष्प्रभ ठरतो. याच वनस्पतीविषयी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने निराळी दिशा धरली. उत्तरेकडून येणाऱ्या कापणीयंत्रांची स्वच्छता, रस्त्यांची पाहणी आणि झाड दिसताच नागरिकांनी कळविणे, यांवर तेथे भर राहिला. आणि रस्त्याकडेचे प्रादुर्भाव मोठे होण्यापूर्वीच नष्ट केले जाऊ लागले. तेथे नागरिकास तण काढणारा वेठीचा हात मानले नाही. पाहणारा डोळा मानले.

५. भुंगा, सूर्यफूल आणि शेतकऱ्याचे निरीक्षण

बंगळूर येथे मेक्सिकोहून ‘झायगोग्रामा बायकोलोराटा’ हा भुंगा १९८३ मध्ये आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळा सोडण्यात आला. त्याची अळी व प्रौढ कीटक दोघेही गाजर गवताची पाने खातात. पावसाळ्यात त्याचा संचार अधिक. कोरड्या व थंड काळात तो जमिनीत सुप्त राहतो. म्हणून त्याचा उपयोग मोठा असला तरी बारमाही नाही.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाच्या पिकावर दिसू लागला. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातील; तेव्हा शेतकऱ्यांची भीती निराधार नव्हती, आणि हे प्रकरण चौकशी समितीपर्यंत गेले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले असता भुंगा त्या गंधाने वा रुचीने प्रवृत्त होऊन ती पाने खातो. शेतकऱ्याने जे पाहिले ते खरे होते. त्यावरून काढलेले अनुमान अपुरे होते. परंतु हे पाहणेच घडले नसते, तर प्रयोगशाळेने हा प्रश्न विचारलाच नसता. ‘पी. एल. ४८०’ च्या कथेत जो पेच दिसला, त्याचेच हे प्रतिबिंब होय; फरक इतकाच की येथे लोकसाक्ष आणि शास्त्रीय परीक्षा यांची भेट दशकांनी नव्हे, थोड्या वर्षांत झाली.

६. श्रमदान आणि त्याचे भान

जबलपूर येथील तणसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. शाळा, महाविद्यालये व ग्रामपंचायती त्यात भाग घेतात. या सामूहिक कार्याचे मोल निर्विवाद आहे. पण येथेही पद्धतीचे भान हवे. फुलावर आलेले झाड उघड्या हातांनी उपटणे म्हणजे परागकण अंगावर घेणे आणि बी इतस्ततः विखुरणे. झाड फुलण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून, मुळासकट काढावे, असा तज्ज्ञांचा निर्देश आहे. ज्या मजुरांच्या त्वचेने या वनस्पतीची पहिली साक्ष दिली, त्यांच्याच पद्धतीने विद्यार्थ्यांस ती पुन्हा द्यावयास लावणे हे शिक्षण नव्हे.

मोकळ्या झालेल्या जागेत काय उगवावे, हाही प्रश्न उरतोच. टाकळ्याच्या वर्गातील ‘सेना युनिफ्लोरा’ ही वनस्पती गाजर गवतास हटविते, असे महाराष्ट्रात दिसून आले आहे; परंतु तीही मूळची अमेरिकेतीलच. एका पाहुण्याला घालविण्यासाठी दुसऱ्यास आमंत्रण देताना सावधगिरी हवी.

७. निष्कर्ष

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आगंतुक वनस्पतीचा पहिला साक्षीदार बहुधा तज्ज्ञ नसतो. तो शेतकरी, गुराखी, रस्त्यावरील मजूर किंवा परसात नवे रोप पाहणारी गृहिणी असतो. त्याची साक्ष प्रमाण ठरते ती स्थळ, दिनांक आणि नमुना या तीन गोष्टींनी. देहराडूनच्या १८८० मधील वाळलेल्या नमुन्याने ९८ वर्षांनंतरही सर्व मतांतरांवर मात केली, ती या तीन गोष्टींच्या बळावर. आज कोणाच्याही हातातील दूरध्वनीने घेतलेले छायाचित्र ठिकाण व दिवस यांसह जतन करता येते. म्हणजे नमुनापत्रकाचे पुष्कळसे कार्य आता सामान्य नागरिकाच्या आवाक्यात आले आहे. उणीव आहे ती दुसऱ्या टोकास : आलेली वार्ता तपासणारा, उत्तर देणारा आणि झाडे तुरळक असतानाच माणसे पाठविणारा कोणीतरी असला पाहिजे. १९५६ मध्ये पुण्याच्या उकिरड्यांवरील झाडे मोजण्याइतकी थोडी होती. पुढच्या आगंतुकाची पहिली झाडेही कोठेतरी अशीच थोडी असतील, आणि ती कोणाच्या तरी दृष्टीस पडलेली असतील.