सांथीची पहिली नोंद

शाळेच्या हजेरीपटाशीं माझें आयुष्य गेलें. एकाच गल्लींतलीं चार-पांच मुलें एकदम गैरहजर दिसलीं, कीं तिकडे कांहीं सांथ तर नाहीं ना, अशी शंका आम्हां वाशिमकडील खेड्यांतल्या मास्तरांना येई. रोगाची पहिली बातमी अशा साध्या नोंदींतच असते. मग तो रोग निसर्गानें धाडलेला असो, वा एखाद्या दुष्टानें.

दुष्टानें धाडलेल्या रोगाचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. आजच्या झारखंडांतील पाकूरच्या जमीनदार घराण्यांतला अमरेंद्र पांडे हा तरुण २६ नोव्हेंबर १९३३ रोजीं हावडा स्टेशनावर गर्दींतून चालला असतां एका इसमानें त्याच्या दंडाला कांहींतरी टोंचलें. ४ डिसेंबरला तो वारला. आजारपणांत डॉक्टरांनीं त्याचें रक्त तपासणीस पाठविलें होतें. मरणानंतर त्यांत प्लेगचे जंतू निघाले. मुंबईच्या आर्थर रोडवरील सांथीच्या रुग्णालयापर्यंत त्या जंतूंचा माग लागला. सावत्र भाऊ बिनयेंद्र व डॉ. तारानाथ भट्टाचार्य ह्यांना फांशीची शिक्षा झाली. १९३६ सालीं हायकोर्टानें ती जन्मठेपेवर आणली. रक्ताचा तो नमुना घेतला नसता, तर हा खून साधा ताप म्हणून स्मशानांतच विरून गेला असता.

तथापि केवळ तपासणीनें भागत नाहीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस ह्यांनीं प्लेग ओळखला. पुढें १८९७ सालीं पुण्यांत रँडसाहेबांच्या अंमलाखालीं गोऱ्या सोजिरांनीं घरोघर झडत्या सुरू केल्या, आणि लोक भयानें रोगी लपवूं लागले. रोगी लपला, कीं नोंद हरपते. नोंद हरपली, कीं सांथ मोकाट सुटते.

१९९४ मध्यें बीड जिल्ह्यांत व सुरतेस प्लेगनें पुन्हां हाहाकार उडविला. पुढें २००४ मध्यें देशांत एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. आज उपकेंद्रांतली आरोग्यसेविका ताप, हगवण अशा दुखण्यांची नोंद करते. ती संगणकावरून जिल्ह्याला व राज्याला कळते. आंकडा नेहमींपेक्षां फुगला, कीं कारण शोधावयास माणसें निघतात.

तेव्हां श्रोतेहो, घरांतला ताप आरोग्यसेविकेपासून लपवूं नका. आणि खरें सांगणाऱ्याला भय वाटेल असें वर्तन सरकारनेंहि कधीं करूं नये. पुण्याचा धडा तो हाच.